नेम चुकतो तेव्हा : एका जुन्या चौकशीचा इतिहास

सरकारी नोकरीत काम बिघडले की फाइलीवर पहिला प्रश्न उमटतो तो 'जबाबदार कोण?' हा. 'कशामुळे?' हा प्रश्न बराच उशिरा येतो आणि कित्येकदा येतच नाही. या सवयीविषयी पुष्कळ दिवस लिहावयाचे मनात होते. प्रस्तुत लेखात मात्र मी कार्यालयाचा नव्हे, तर बंदुकीचा इतिहास सांगणार आहे. एका वेळी एकच गोळी भरता येणारी, म्हणजे एकबारी, शिकारी रायफल. नेम नीट धरला, हात हलला नाही, तरी गोळी भलतीकडे गेली, तर दोष कोणाचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात कित्येक विद्वानांची, कारागिरांची आणि अधिकाऱ्यांची दीडशेहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाची पद्धत आपल्या कामाशी फार जवळचे नाते सांगते, असे मला वाटते.

या विषयाकडे मी वळलो तो पचमढीमुळे. मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांनी तेथील बायसन लॉज पाहिलेले असते. १८६२ साली ते बांधणारा जेम्स फोर्सिथ हा लष्करातून मुलकी कामावर आलेला तरुण अधिकारी. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सातपुड्याच्या जंगलांची पाहणी करण्याचे काम फोर्सिथकडे आले. पुढे त्याने निमाड जिल्ह्याची जमीनमहसुलाची बंदोबस्ती केली. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील त्याचे पुस्तक १८७१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले आणि ते अजून वाचले जाते. परंतु त्यापूर्वी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक छोटे पुस्तक लिहिले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. एका बंदोबस्त अधिकाऱ्याला बंदुकीच्या नळीतील पिळाचा अभ्यास का करावासा वाटला, या कुतूहलातून मी मागे मागे जात राहिलो.

मुळापासून सांगावयाचे तर प्रारंभ बेंजामिन रॉबिन्सपासून करावा लागतो. या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफशास्त्राची नवी तत्त्वे मांडली. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी सरळ का जात नाही, याचे कारण त्याने शोधले. गोळी नळीच्या बाजूंना घासत बाहेर पडते. त्यामुळे ती दर वेळी वेगळ्या अक्षाभोवती फिरू लागते आणि हवा तिला दर वेळी वेगळ्या दिशेला ढकलते. नळीच्या आत सर्पिल चर पाडले की गोळी ठरलेल्या अक्षाभोवती, म्हणजे जाण्याच्या दिशेभोवतीच, फिरते आणि मार्ग सोडत नाही. १७४७ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे याविषयी निबंध वाचला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून मद्रास इलाख्यात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

गोळी फिरली पाहिजे, हे रॉबिन्सने सांगितले. किती फिरली पाहिजे, हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो पुढे शंभर वर्षे शिल्लकच होता. बंदूक करणारा प्रत्येक कारागीर आपापल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे पीळ देत असे. एखादी बंदूक उत्तम निघे, तिच्या शेजारीच घडलेली दुसरी टाकाऊ निघे. दोन्हींत फरक कोणता, हे करणाऱ्यालाही सांगता येत नसे.

१८५३ साली ब्रिटिश सैन्याने एन्फील्ड रायफल स्वीकारली. ही तोंडाकडून दारू आणि गोळी भरावयाची, म्हणजे ठासणीची बंदूक होती. नळीचा व्यास ०.५७७ इंच. गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की बूड फुगून चरांत घट्ट बसे. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा ती कितीतरी सरस होती, तरी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन रायफलींचा नेम एकसारखा नसे. १८५४ साली सरकारने मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांना रायफली तयार करण्याची यंत्रे करून मागितली. हे तेच व्हिटवर्थ, ज्यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले आणि ज्यांचे मापनयंत्र इंचाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत फरक दाखवी.

व्हिटवर्थ यांनी दिलेले उत्तर प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. यंत्रे मी करून देईन, पण त्यांवर काय घडवावयाचे हे आधी ठरले पाहिजे. चांगली रायफल कशाने चांगली होते हेच कोणाला ठाऊक नसेल, तर यंत्रे चूकच अधिक वेगाने करतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरकारने खर्च सोसला आणि मँचेस्टरजवळ रशोम येथे त्यांच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त दालनवजा इमारत उभी राहिली. बांधून होते न होते तोच ती वादळात कोसळली. पुन्हा बांधली गेली आणि १८५५ साली प्रयोग सुरू झाले.

इमारत बंदिस्त का, तर वारा हे कारण वगळता यावे म्हणून. बंदूक माणसाच्या खांद्याला न लावता आधारावर बसविली. त्यामुळे माणूस हे कारण वगळले गेले. दालनात ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी त्यांना भेदून जाई आणि प्रत्येक पडद्यावरचे भोक तिचा मार्ग दाखवी. भोक गोल असेल तर गोळी नाक पुढे करून गेली, लांबट असेल तर ती वाटेत कलली. यापूर्वी केवळ निशाणावरची जागा पाहून तर्क चालत. आता चूक कोणत्या टप्प्यावर सुरू होते हे दिसू लागले. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची: कधी पीळ, कधी नळीचा व्यास, कधी गोळीची लांबी. बाकी सर्व तसेच ठेवावयाचे.

निष्कर्ष असा निघाला की दोष मुख्यतः कारागिरीत नव्हता, आराखड्यात होता. एन्फील्डच्या नळीत ७८ इंचांत एक फेरा होईल इतकाच पीळ होता. लांब गोळीला तो फारच थोडा. व्हिटवर्थ २० इंचांत एक फेरा या प्रमाणावर आले, म्हणजे जवळजवळ चौपट पीळ. गोळीचे वजन एन्फील्डइतकेच, ५३० ग्रेन, ठेवले; नळीचा व्यास मात्र सुमारे ०.४५ इंच केला. त्यामुळे गोळी सडपातळ आणि लांब झाली. नळीला त्यांनी षट्कोनी आकार दिला.

येथे थोडे गणित सांगतो. १८७९ साली ग्रीनहिल या गणितज्ञाने एक सोपे सूत्र दिले: गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे किती इंचांत एक फेरा हवा ते मिळते. ०.४५ इंच व्यासाची, व्यासाच्या तिप्पट लांबीची गोळी घेतली तर उत्तर साडेबावीस इंच येते. व्हिटवर्थ हे सूत्र निघण्याच्या वीस वर्षे आधी, केवळ कागदाच्या पडद्यांवरची भोके मोजून, त्याच्या अगदी जवळ पोहोचले होते.

एप्रिल १८५७ मध्ये इंग्लंडमधील हाइथ येथील नेमबाजीच्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींची सरकारी तुलना झाली. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट, व्हिटवर्थचे ०.३७ फूट. ११०० यार्डांवर ८.०४ फूट आणि २.६२ फूट. १४०० यार्डांवर एन्फील्डची नोंदच घेता आली नाही; व्हिटवर्थचे विचलन ४.६२ फूट भरले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या तक्त्याचे विशेष वाटते ते 'विचलन' या शब्दात. गोळ्या जवळजवळ पडत असतील पण सगळ्याच मध्यापासून डावीकडे, तर माशी किंचित सरकविली की काम झाले. गोळ्या विखुरत असतील तर माशी कितीही सरकवा, उपयोग शून्य. सरासरीतील दोष आणि विखुरण्यातील दोष हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

आता एक तारीख पाहा. हाइथला हे विचलन मोजले जात होते त्याच एप्रिल महिन्यात, ८ तारखेला, बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी देण्यात आली. असंतोषाची कारणे अनेक होती. पण ठिणगी पडली ती याच एन्फील्डच्या काडतुसांवरून. घट्ट बसणारी गोळी गजाने ठासून खाली जावी आणि दारूची काजळी साचून नळी अडू नये, यासाठी काडतुसाला चरबी लावणे हा अचूकतेच्याच उपायाचा भाग होता. काडतूस दातांनी फाडावे लागे. ते ज्याच्या तोंडात जाणार त्या शिपायाच्या धर्मभावनेसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. चौकशी कितीही शास्त्रशुद्ध असो, तिने जे मोजलेच नाही ते तिच्या निष्कर्षात उतरत नाही.

पुढे काय झाले? २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. व्हिटवर्थ रायफल आधारावर बसविलेली होती. राणीने फक्त दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील निशाणाच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत गोळी लागली. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठीही व्हिटवर्थ रायफली घेतल्या गेल्या. सैन्याने मात्र ती सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारली नाही. ती महाग होती, आणि तिची नळी काजळीने लवकर भरे. स्पर्धेत अथवा शिकारीत एका गोळीनंतर नळी पुसता येते; रणांगणावर शिपायाला ती फुरसत कोठली?

यावरून व्हिटवर्थ हरले असे मात्र समजू नये. अचूकतेसाठी नावाजलेल्या पुढील रायफलींनी नळीचा लहान व्यास आणि जोरकस पीळ त्यांच्याच चौकशीतून उचलला. १८७१ साली सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफलीचा व्यास ०.४५ इंच आणि पीळ २२ इंचांत एक फेरा असा होता. षट्कोन तेवढा मागे पडला. निदान टिकले, निदान करणाऱ्याचा आवडता उपाय टिकला नाही. समित्यांच्या अहवालांचेही पुष्कळदा असेच होते, आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही.

येथे फोर्सिथ पुन्हा आपल्या कथेत येतो. इंग्लंडात लांबट गोळी आणि जोरकस पीळ यांचा बोलबाला असताना हा तरुण अधिकारी सातपुड्यातून लिहितो की जंगलात हे चालणार नाही. कारण त्याचा प्रश्नच वेगळा होता. मैदानावर निशाणाचे अंतर ठाऊक असते. जंगलात गवा किंवा वाघ पन्नास यार्डांवर आहे की दीडशे, हे क्षणात अंदाजाने ठरवावे लागते. सेकंदाला १,२०० फूट वेगाने निघालेली गोळी, हवेचा अडथळा हिशेबात घेतला नाही तरी, १०० यार्डांवर एक फूट खाली येते आणि १५० यार्डांवर सव्वादोन फूट. म्हणजे अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तर नेम सव्वा फुटाने चुकला. रायफल निर्दोष, शिकाऱ्याचा हात निर्दोष, तरी जनावर जखमी होऊन झाडीत जाते आणि दुसऱ्या दिवशी वाटेने जाणाऱ्या एखाद्या गावकऱ्याचा जीव जातो.

वेग वाढवावा तर आणखी एक अडचण होती. गोल गोळी आणि जोरकस पीळ असलेल्या नळीत दारू जास्त भरली की गोळी चरांना न जुमानता सरळ घसरत निघे. म्हणून शिकारी दारू कमी भरत, त्यामुळे वेग कमी, आणि मार्ग अधिक वाकडा. फोर्सिथने गाठ नेमकी येथे ओळखली. त्याने सुचविले की मोठ्या व्यासाची गोल गोळी घ्यावी, चर उथळ ठेवावेत, पीळ अगदी मंद, आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा एवढाच, द्यावा आणि दारू भरपूर भरावी. गोल गोळीला स्थिर राहण्यास थोडे फिरणे पुरते. वेग १,६०० फूट झाला तर वरच्याच हिशेबाने १५० यार्डांवरची घसरण सव्वादोन फुटांवरून सव्वा फुटावर येते.

पाहा, व्हिटवर्थ सांगतात पीळ वाढवा, फोर्सिथ सांगतो पीळ घटवा, आणि दोघेही बरोबर आहेत. एकाने हजार यार्डांवरच्या निशाणाचा विचार केला, दुसऱ्याने शंभर यार्डांवरच्या झाडीचा. मुख्यालयात सिद्ध झालेला नियम जिल्ह्यात फसला की आपण जिल्ह्याला दोष देतो. जिल्ह्याचा प्रश्न तोच होता का, हे विचारीत नाही. (शिकारीचे ते जग आता संपले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर पडदा टाकला आणि ते योग्यच झाले. फोर्सिथची जंगले आज व्याघ्र प्रकल्पात आहेत.)

या परंपरेतील आणखी एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे डॉ. फ्रँकलिन मॅन हे शिक्षणाने वैद्य. एकबारी रायफलींवर त्यांनी कित्येक वर्षे प्रयोग केले आणि १९०९ साली ते पुस्तकरूपाने मांडले. त्यांनी नळ्या काँक्रीटच्या भक्कम खांबावर आधार देऊन बसविल्या आणि गोळ्या मुद्दाम बिघडवून उडविल्या. सर्वांना वाटे की गोळीचे नाक महत्त्वाचे, कारण हवेला तेच भिडते. मॅन यांना आढळले की नाक बिघडले तरी फार फरक पडत नाही. बूड थोडे जरी वाकडे झाले तरी गोळी भरकटते. कारण नळीच्या तोंडाशी मागचा वायू बुडाच्या एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलते करतो. नळीच्या तोंडाची कड ठेचली असेल तरी तोच परिणाम होतो. म्हणूनच आजही नेम बिघडलेल्या रायफलीची तपासणी करणारा जाणता कारागीर आधी ती भक्कम आधारावर ठेवून काही गोळ्या उडवितो, मग दुर्बीण वा माशीचे स्क्रू सैल आहेत का पाहतो, नळी स्वच्छ करतो, तोंडाची कड तपासतो, नळी लाकडी दस्त्याला कोठे दाबली जाते का हे बघतो, वेगळ्या काडतुसांनी पुन्हा उडवून पाहतो; आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेम सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही.

सर्व ज्ञात कारणे वजा करूनही जी चूक उरे तिला मॅन यांनी 'एक्स-त्रुटी' असे नाव दिले होते. न कळलेल्या चुकीला त्यांनी स्वतंत्र नाव दिले, ती कोणाच्या नावावर टाकली नाही.

मला हे वाचताना एक जुनी गोष्ट आठवते. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी महाराष्ट्राबाहेर एका कार्यालयाचा प्रमुख होतो. हाताखालच्या एका लहान उपकार्यालयाची मासिक विवरणपत्रे कोषागाराच्या आकड्यांशी कधीच जुळत नसत. तेथील वयस्क लेखापालांना मी कारणे दाखवा नोटीस दिली. खुलासा असमाधानकारक ठरविला आणि गोपनीय अहवालात निष्काळजीपणाचा शेरा मारला. तसे करणे नियमानुसार होते. दुसऱ्या वर्षी आणखी दोन ठिकाणी तसाच फरक दिसला, तेव्हा मी बसून तारखा मांडल्या. दूरची कार्यालये टपाल वेळेवर पोहोचावे म्हणून २५ तारखेला हिशेब बंद करीत, कोषागार महिनाअखेरीस. विवरणपत्राच्या नमुन्यात तारखेसाठी रकानाच नव्हता. मोठ्या कार्यालयांच्या आकड्यांत हा फरक बुडून जाई, लहानांत उघडा पडे. माणूस चोख होता. चूक नमुन्यात होती, आणि तो नमुना आमच्या कार्यालयाने मंजूर केलेला होता.

शेरा मी रद्द करवून घेतला. पण मधल्या काळात पदोन्नतीची यादी निघून गेली होती आणि ते गृहस्थ त्याच पदावरून निवृत्त झाले. मी त्यांना सर्व सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहब, रजिस्टर तो मैंने उस दिन भी दिखाया था." खरे होते. त्यांनी नोंदवही माझ्या टेबलावर ठेवली होती, तारखांसकट. मी ती उघडली नव्हती, कारण दोष कोणाचा हे माझ्या मनात आधीच ठरलेले होते.

तेव्हापासून नोटिशीच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारतो. या जागी दुसरा माणूस बसला असता तर हीच चूक झाली असती का? हीच चूक अन्यत्र, कमी ठळकपणे, होत आहे का? आणि आपण जे मोजतो आहोत ते त्या ठिकाणच्या कामाला लागू आहे का? या प्रश्नांनंतरही कित्येकदा दोष माणसाचाच निघतो आणि कारवाई करावीच लागते. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण बंदूक आधारावर ठेवून एकदा उडवून पाहण्याआधी नेमबाजाला शिक्षा करू नये, एवढे तरी या जुन्या चौकशीने मला शिकविले. ते शिकण्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली होती.